एवढ्याशा अंगठ्याला सहा आठवडे कशाला?

प्रश्न : मी ५४ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिकवते. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं आहे आणि अंगठा शेजारच्या बोटावर चढू लागला आहे. बंद बूट घालवत नाहीत. फळ्यापाशी दोन तास उभी राहिले की ठणका लागतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं आहे. सहा आठवडे चालण्यावर बंधन राहील आणि सूज पुढे बरेच महिने राहील, असंही ते म्हणाले. माझ्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती दहा दिवसांत स्वयंपाकघरात उभी होती. मग एवढ्याशा अंगठ्याला इतका वेळ का? आणि होकार देण्याआधी मला काय काय माहीत असायला हवं?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : पायाचं ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारायला हवा. ऑपरेशननंतर नाराज होणाऱ्या अनेकांचं ऑपरेशन बिघडलेलं नसतं. पुढचे महिने कसे जाणार आहेत, हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून वेळ का लागतो ते आधी पाहू आणि मग तयारीकडे वळू.

'हाड वाढलंय' असं आपण म्हणतो, पण तिथे सहसा नवं हाड आलेलं नसतं. एका पावलात २६ हाडं असतात. त्यांतलं अंगठ्यामागचं लांब हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने झुकतं आणि अंगठा त्याच्या उलट, शेजारच्या बोटाकडे वळतो. दोहोंमधल्या सांध्याचा कोपरा बाहेर येतो, चपलेच्या पट्ट्याला घासतो, लाल होतो, दुखतो. याला बनियन म्हणतात. नुसता तो उंचवटा तासला आणि मागचं हाड तिरकंच राहू दिलं, तर दुखणं परत येतं. म्हणून सर्जन ते लांब हाड ठरावीक जागी कापतात, सरकवून सरळ रेषेत आणतात आणि बारीक स्क्रूंनी पक्कं करतात. थोडक्यात, मोजूनमापून केलेलं फ्रॅक्चरच ते. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि कोणत्याही औषधाने ती मुदत निम्मी होत नाही.

दुसरं कारण भाराचं. पित्ताशयावर शरीराचा भार येत नाही, पावलावर येतो. चालताना टाच उचलून आपण पुढे रेटा देतो, त्या क्षणी पावलाच्या पुढच्या भागावर वजनापेक्षाही थोडा जास्त भार पडतो. त्यातला मोठा वाटा अंगठा आणि त्यामागचं हाड उचलतं. जुळत असलेल्या हाडावर हा रेटा लवकर आला, तर ते जागचं हलू शकतं. म्हणूनच बनियनच्या नेहमीच्या ऑपरेशननंतर कडक तळव्याचा खास बूट देतात आणि टाचेवर भार देऊन थोडंथोडं चालू देतात. वाकडेपणा फार असेल, तर लॅपिडस नावाच्या ऑपरेशनमध्ये मागचा सांधाच जखडून टाकतात. त्यानंतर काही आठवडे पाऊल अजिबात टेकू न देण्याचीही वेळ येते, पण याबाबत प्रत्येक सर्जनची पद्धत वेगळी असते. तुमच्या डॉक्टरांच्या 'बंधन' या शब्दाचा नेमका अर्थ काय, टाच टेकायची की पाऊल अधांतरीच ठेवायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. घरातली सगळी व्यवस्था त्या एका उत्तरावर ठरते.

तिसरं कारण जागेचं. पाऊल हृदयापासून सर्वांत लांब आणि सर्वांत खाली. तिथे आलेलं रक्त चढण चढून वर परत जातं. पावलाच्या वरच्या बाजूची कातडी पातळ, तिच्याखाली मांस-चरबी जेमतेम. त्यामुळे इथली सूज रेंगाळते. तीन महिन्यांनी तुम्ही घरात सहज चालत असाल, तरी संध्याकाळी चप्पल घट्ट होईल. काहींना सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त ते आधी ठाऊक हवं.

आता होकाराचं. अंगठा वाकडा आहे, एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत दोन हाडांमधला कोन मोजतात. तो साधारण १५ अंशांच्या आत असला तर ठीक, ४० च्या वर गेला तर वाकडेपणा तीव्र समजतात. एक्स-रे झोपून काढला असेल, तर पायावर भार नसताना कोन खरा दिसत नाही, तेव्हा तो पुन्हा काढायला सांगा. मात्र कोन कितीही असो, निर्णय दुखण्यावर घ्यायचा. पुढून रुंद चप्पल-बूट, बोटांमधली सिलिकॉनची पट्टी, उभं राहण्याच्या वेळात थोडी काटछाट, हे काही महिने मनापासून करून पाहिलं का? पट्टीने मोठ्या माणसाचा अंगठा सरळ होत नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. एवढं करूनही शिकवणं, बाजारहाट, रोजचं चालणं अडत असेल, तर ऑपरेशनचा विचार योग्य. पाय सुंदर दिसावा एवढ्यासाठी मात्र हे ऑपरेशन करू नये. दुखत नसलेल्या पायाला दुखणं लागण्याची शक्यता त्यात असते.

काय काय बिघडू शकतं, हेही स्वच्छ विचारा. अंगठ्याचा सांधा ताठर होणं, अंगठ्याच्या कडेला बधिरपणा राहणं, भार सरकून दुसऱ्या बोटाखाली दुखू लागणं, हाड उशिरा जुळणं किंवा न जुळणं, जखमेत जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गाठ, आणि काही वर्षांनी अंगठा पुन्हा वाकणं. बहुतेकांच्या वाट्याला यातलं काही मोठं येत नाही, पण ते कुणाच्याच वाट्याला येत नाही, असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. 'हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता?' हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला सर्जन त्याचं उत्तर मोकळेपणाने देतो.

संमतीपत्र ही कायद्याने तुम्हाला दिलेली ढाल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की, ऑपरेशनचं स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि ते न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजावून सांगितलेलं हवं. जीव वाचवण्याची निकड असल्याखेरीज एका ऑपरेशनसाठी दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही. तेव्हा ऑपरेशनच्या सकाळी गाऊन घालून घाईत सही करू नका. आदल्या भेटीतच कागद मागा, तुम्हाला कळेल त्या भाषेत वाचून घ्या, 'उजवा पाय' असं त्यावर लिहिलेलं आहे ना ते पाहा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर संकोच नको. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

आता अशी एक गोष्ट, जी केसपेपरवर बहुधा येतच नाही. भूलतज्ज्ञ विचारतात, 'सिगारेट ओढता का?' बाई म्हणतात, 'छे हो!' आणि तिथे टिकमार्क होतो. मी मात्र पुढे विचारते, 'दात कशाने घासता?' मग बाई पदर तोंडाशी नेतात आणि सोबत आलेली सून किंवा लेक सांगते, 'मशेरी लावतात. दिवसातून चार वेळा.' मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरड्यांवर चोळला की निकोटिन थेट रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि पावलाच्या टोकाला मुळात बेताचं असणारं रक्त आणखी घटतं. जखम रेंगाळते, हाड जुळायला वेळ लागतो. विडी, गुटखा, तंबाखू-चुना, मशेरी, सगळं ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी थांबवायचं आणि हाड जुळेपर्यंत हात लावायचा नाही. तुम्ही यातलं काही घेत नसालही. पण हे उत्तर वाचणाऱ्या अनेक घरांत मशेरीची डबी आहे, म्हणून सविस्तर लिहिलं. इथे लाज नको. डॉक्टरांना खरं सांगितलं, तर पाय वाचतो.

कातडीकडे बघा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना पू धरलेल्या भेगा, नखाची ठसठसणारी कड, यांपैकी काहीही असेल तर आधी ते बरं करून घ्या, मग तारीख घ्या. जंतूंना आत शिरायला तेवढी वाट पुरते. आदल्या रात्री पायावरचे केस घरी रेझरने काढू नका. न दिसणारे बारीक ओरखडे उठतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. लागलं तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतील.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्तदाब, थायरॉइड, संधिवात यांची औषधं, पाळी किंवा गर्भनिरोधासाठीच्या संप्रेरकाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णं, सगळं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल, तर ते जिवावर बेतू शकतं. कोणती कधी थांबवायची, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या, कमी असेल तर आधीच भरून काढा.

घराची तयारी मात्र तुम्हालाच करायची आहे. वॉकर किंवा कुबड्या ऑपरेशनच्या आधी आणा आणि दोन्ही पाय धड असताना चालण्याचा सराव करा. उंबरा, मोरीची पायरी, जिन्याचे कठडे एकदा वॉकर घेऊन पालथे घाला म्हणजे कुठे अडतं ते कळेल. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोड खुर्ची हवीच, कारण उकिडवं बसताना पावलाच्या पुढच्या भागावरही भार येतो. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, ड्रेसिंगवर पाणी जाणार नाही असं आवरण. मांडी घालून बसणं बरेच दिवस बंद. पहिले दोन आठवडे घरात दुसरं माणूस हवं. त्या काळात पाय बहुतांश वेळ वर ठेवायचा असतो आणि इथे बहुतेकांची चूक होते. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला म्हणजे वर ठेवला, असं नव्हे. आडवं व्हायचं आणि पोटरीखाली उशा रचून पाऊल छातीपेक्षा उंच न्यायचं. बाथरूमला जाऊन आलात की पुन्हा तसंच. या दोन आठवड्यांत पाय जितका वर राहील, तितकी जखम कोरडी आणि शांत भरते.

तुमच्या नोकरीचं गणित असं मांडा. नुसती मे महिन्याची सुट्टी धरलीत, तर शाळा उघडताना हाड जेमतेम जुळलेलं असेल, बाहेर चिखल असेल आणि तुम्हाला तासन्‌तास उभं राहावं लागेल. तीन महिने तरी बसून शिकवायची मुभा मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी घ्या. पाय उजवा आहे. कार चालवत असाल, तर जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही अशी खात्री होईपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, ती चालवायची नाही. स्कूटरचे ब्रेक हातात असले, तरी सिग्नलला गाडीचा भार पायावरच येतो. तेव्हा तीही नको. आषाढीच्या वारीचा विचार असेल, तर या वर्षी पंढरपूरला गाडीने जा. आळंदीपासूनची सुमारे अडीचशे किलोमीटरची पायवाट पुढच्या वर्षीही असेल.

आणि घरी आल्यावर या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी फोन करायचा: ताप, जखमेतून पू, गोळी घेऊनही वाढत जाणारा ठणका, बोटं निळसर किंवा थंड पडणं, पट्टी आवळल्यासारखी वाटणं, पोटरी दुखून सुजणं. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोनची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जायचं.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेहाला पंधरा वर्षं झाली. एक बोट वाकडं होऊन त्यावर कुरूप झालं आहे. डॉक्टर छोटं ऑपरेशन करू म्हणतात. परवाची साखर १३० आली, म्हणजे काही हरकत नाही ना?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : त्या दिवशीची साखर त्या दिवसापुरती खरी. मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीए१सी या तपासणीत दिसतो. घाई नसलेल्या ऑपरेशनआधी ती साडेसात-आठच्या आत असावी, असा बहुतेक सर्जनांचा आग्रह असतो. ती जास्त असेल, तर दोन-तीन महिने थांबून साखर ताब्यात आणणं हाही उपचारच आहे.

पण नुसती साखर पाहून भागत नाही. पावलात रक्त पुरेसं पोहोचतं का, हे पाहायलाच हवं. डॉक्टर पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी चाचपतात, मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल, तर रक्तपुरवठा कमी समजायचा. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होतात, तेव्हा हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब किंवा डॉपलर तपासणी करतात. रक्तपुरवठा अपुरा असताना लहानशी चीरही भरून येत नाही आणि बोटाचं दुखणं पायावर जातं. म्हणून तसं आढळलं तर आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचा सल्ला.

दुसरी तपासणी संवेदनेची. नायलॉनचा बारीक धागा तळव्यावर टेकवतात, तो वाकतो तेव्हा दाब दहा ग्रॅमचा असतो. डोळे मिटून बसलेल्या वडिलांना तो कळला नाही, तर पायाला संरक्षक संवेदना उरलेली नाही. अशा माणसाला ऑपरेशननंतर दुखत नाही, म्हणून तो बिनदिक्कत चालतो आणि टाके उसवतात. त्यांच्यावर घरच्यांनीच लक्ष ठेवायचं, रोज पाऊल बघायचं. दरम्यान त्यांनी घरातही अनवाणी फिरू नये, आणि कुरूप ब्लेडने कापणं किंवा दुकानातली कुरुपाची पट्टी लावणं आजपासून बंद. त्या पट्टीतलं आम्ल आजूबाजूची चांगली कातडीही जाळतं.

गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपाशीपोटी ऑपरेशन होताना या औषधांमुळे रक्तात घातक आम्ल साठू शकतं, म्हणून ती साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. पर्यायी औषध काय घ्यायचं, हेही तेव्हाच विचारा.

मात्र बोट काळं पडलं, पू आला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर एचबीए१सी उतरण्याची वाट पाहत बसायचं नाही. ती तातडीची वेळ असते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : सकाळी ऑपरेशन असेल तर थोडा चहा चालतो का? आणि जोडवी, नेलपॉलिश, मेंदी हे सगळं खरंच काढावं लागतं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुधाचा चहा नाही. अगदी अर्धा कपही नाही. दूध पोटात गेल्यावर हलक्या जेवणासारखंच धरतात आणि त्याला सहा तास द्यावे लागतात. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवाला धोका असतो. फक्त पाय बधिर करायचा असला, तरी हाच नियम पाळतात, कारण ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. चुकून चहा घेतलाच, तर लपवू नका, सांगा. ऑपरेशन पुढे ढकलतील, एवढंच.

नेलपॉलिश काढायचं, मेंदी त्या आठवड्यात लावायची नाही. ऑपरेशननंतर बोटांना रक्त नीट पोहोचतंय का, हे आम्ही नखांच्या आणि कातडीच्या रंगावरून पाहतो, आणि बोटाला लावलेलं प्राणवायू मोजणारं यंत्रही नखातूनच पाहतं.

जोडवी दोन्ही पायांतली काढावी लागतात. ऑपरेशनच्या पायाला सूज आली की घट्ट जोडवं बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकतं, आणि रक्तस्राव थांबवायच्या विद्युत उपकरणामुळे धातूपाशी कातडी भाजण्याची भीती असते. वर्षानुवर्षं घातलेली जोडवी ऑपरेशनच्या सकाळी निघत नाहीत, म्हणून आठ दिवस आधीच साबण किंवा तेल लावून काढून बघा. नाहीच निघाली, तर सोनाराकडून कापून घ्या. सौभाग्याचं लेणं कापायला मन धजत नाही, हे मी रोज पाहते. घरातल्या मोठ्यांनी अशा वेळी सुनेला, लेकीला स्वतःहून सांगावं, 'काढ गं, काही होत नाही.' चांदी नंतर सांधून मिळते. ऑपरेशन झालेल्या पायात ती परत घालायची घाई मात्र नको. सूज पूर्ण उतरल्यावर, डॉक्टरांना विचारून, लागलं तर माप वाढवून घाला.